चेरोकी वंशावळ आणि वाटपाच्या याद्या

चेरोकी ही अमेरिकेतली एक आदिवासी जमात. १९०६ साली अमेरिकी न्यायालयाने सरकारला चेरोकींचं एक जुनं देणं चुकतं करायला लावलं. रक्कम १० लाख डॉलरांहून अधिक होती. मिसिसिपी नदीच्या पूर्वेकडच्या मायभूमीत १८३०च्या दशकातल्या हकालपट्टीच्या वेळी जे राहत होते, त्यांना आणि त्यांच्या वंशजांना ती मिळायची होती. पण वंशज कोण, हे ठरवायचं कसं? ते काम गियॉन मिलर या आयुक्ताकडे आलं. अर्जाची मुदत होती ३१ ऑगस्ट १९०७. तोवर ४५ हजारांहून अधिक अर्ज जमले आणि एकेका अर्जात घरातली मुलं धरून सुमारे ९० हजार माणसांनी आपण चेरोकी असल्याचं सांगितलं. मिलरने मान्य केली ती साधारण ३० हजार.

चेरोकी पूर्वज शोधणारा माणूस आज ना उद्या या अर्जांपाशी येतोच. कारण मिलरच्या छापील फॉर्मात नुसतं नाव विचारून भागलं नव्हतं. इंग्रजी नाव, इंडियन (म्हणजे अमेरिकी आदिवासी) नाव, जन्मगाव, आईवडील कुठे जन्मले आणि कुठे वारले, भावंडं, दोन्हीकडचे आजी-आजोबा, काका, मामा, आत्या, मावश्या, आणि यांपैकी कुणाचं नाव १८५१च्या यादीत होतं का, इतकं सगळं. पैशाच्या आशेने लोकांनी आठवेल ते लिहून दिलं. जे नाकारले गेले त्यांचेही अर्ज जपून ठेवलेले आहेत. साइझमोर नावाच्या एका पूर्वजाचं नाव सांगून सुमारे २ हजार अर्ज आले होते. मिलरने साक्षी काढल्या, जुन्या याद्या चाळल्या आणि ते सगळे फेटाळले. त्या घराण्याची वंशावळ मात्र त्या निमित्ताने कागदावर आली. म्हणून ‘आमच्या पणजोबांचा अर्ज सापडला’ असं कुणी आनंदाने सांगितलं, तर पहिला प्रश्न विचारावा : मंजूर झाला होता का? अर्ज सापडणं म्हणजे चेरोकी असणं नव्हे. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते.

गंमत अशी की कागद येण्यापूर्वी चेरोकींना हा प्रश्न पडतच नव्हता. त्यांची सात कुळं होती आणि कूळ आईकडून यायचं. आई चेरोकी कुळातली, तर मूल चेरोकी. बाप कोण होता याने फरक पडत नसे. मुलाला वळण लावायचं, शिकवायचं ते बापापेक्षा मामाने. अठराव्या शतकात स्कॉटिश आणि इंग्रज व्यापारी अ‍ॅपलाचियन डोंगरातल्या चेरोकी गावांत येऊन राहिले, तिथल्या बायकांशी संसार केले. त्यांची मुलं आईच्या कुळात सहज सामावली. १८२८ ते १८६६ अशी जवळजवळ चार दशकं चेरोकींचा प्रमुख राहिलेला जॉन रॉस रक्ताच्या हिशेबाने एक-अष्टमांश चेरोकी होता. पण तो हिशेब नंतरचा, बाहेरच्यांचा. आईच्या आईकडून कूळ मिळालेलं, तेव्हा तो पुरा चेरोकी. उलट चेरोकी बापाला गोऱ्या बायकोपासून झालेली मुलं कुळाविना राहायची. पुढे १८२५च्या सुमाराला चेरोकींनी कायदा करून अशा मुलांनाही नागरिकत्व दिलं. कुळाच्या जागी कायदा यायला लागला होता.

याद्या आल्या त्या सरकारी गरजेपोटी. १८१७च्या तहात चेरोकींपुढे दोन पर्याय ठेवले होते : मिसिसिपीपलीकडे जा, किंवा ६४० एकरांची जमीन घेऊन इथेच राहा आणि अमेरिकी नागरिक व्हा. कोण जातो, कोण राहतो, याची नोंद करावी लागली आणि पहिल्या याद्या जन्मल्या. त्या सुमारास चेरोकींचं स्वतःचं लेखनही बहरत होतं. सिक्वोया या चेरोकीने १८२१मध्ये तयार केलेली लिपी लोकांनी झपाट्याने उचलली आणि १८२८मध्ये न्यू इकोटा या राजधानीतून ‘चेरोकी फीनिक्स’ हे वृत्तपत्र दोन्ही भाषांत निघू लागलं. म्हणजे या समाजाला लिहिता येत नव्हतं म्हणून नोंदी सरकारने ठेवल्या, असं अजिबात नाही.

१८३०मध्ये हकालपट्टीचा कायदा झाला. १८३२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जॉर्जिया राज्याचे कायदे चेरोकींच्या भूमीवर चालत नाहीत असा निकाल दिला, पण अंमलात काही उतरलं नाही. १८३५मध्ये शिरगणती झाली, हेंडरसन रोल (रोल म्हणजे यादी) या नावाने ओळखली जाणारी. जॉर्जिया, टेनेसी, नॉर्थ कॅरोलायना आणि अलाबामा मिळून १६ हजारांवर चेरोकी. यादीत कुटुंबप्रमुखाचं नाव, घरात माणसं किती, शेत किती एकर, मका किती पिकतो, गिरण्या आणि होड्यांचे धक्के, इंग्रजी वाचणारे किती, चेरोकी वाचणारे किती, सूत कातणाऱ्या आणि विणणाऱ्या किती. आणि गुलाम किती : दीड हजारांहून अधिक. वाचताना वाटतं, काय तपशीलवार पाहणी! पण ही पाहणी होती उठवण्यापूर्वीची मोजदाद. त्याच वर्षी २९ डिसेंबरला मूठभर लोकांनी न्यू इकोटाच्या तहावर सह्या केल्या, ५० लाख डॉलरांत सगळी भूमी देऊन टाकली. रॉसने आणि हजारो चेरोकींनी विरोध केला, तरी १८३८मध्ये सैनिक आले, लोकांना घरांतून काढून छावण्यांत कोंडलं आणि आजच्या ओक्लाहोमाकडे चालवलं. वाटेत आणि छावण्यांत सुमारे ४ हजार माणसं गेली असं सांगितलं जातं. त्या प्रवासाला आज ‘ट्रेल ऑफ टीअर्स’ म्हणतात.

त्यानंतर चेरोकी कागदोपत्रीही दोन ठिकाणी झाले. डोंगरात मागे राहिलेल्यांची मोजणी १८४८मध्ये मले या सरकारी अधिकाऱ्याने केली, ती नॉर्थ कॅरोलायनातल्या १,५१७ जणांची. पाठोपाठ १८५१मध्ये सायलर आणि १८५२मध्ये चॅपमन यांच्या याद्या झाल्या. पश्चिमेत १८५१मध्ये दोन वेगवेगळ्या याद्या : हकालपट्टीत आलेल्यांची ड्रेनेन रोल आणि त्याआधीच आपखुशीने गेलेल्या ‘ओल्ड सेटलर्स’ची वेगळी. या सगळ्या पैसे वाटपासाठी. मिलरने पन्नास वर्षांनी अर्ज तपासले ते प्रामुख्याने ड्रेनेन आणि चॅपमनच्या यादीशी ताडून. तुमचे पूर्वज ‘ओल्ड सेटलर’ असले तर मिलरने त्यांना नाकारलं असणार, आणि तरी ते अस्सल चेरोकी असतील. यादीतून नाव गाळलं जाण्याची कारणं अशीही असतात.

अमेरिकी यादवी युद्धाने चेरोकी नेशन, म्हणजे पश्चिमेतलं चेरोकींचं स्वतःचं राज्य, पार मोडलं. १८६६च्या तहाने गुलामीवरची बंदी पक्की केली आणि मुक्त झालेल्या काळ्या लोकांना, म्हणजे फ्रीडमेनना, चेरोकींचे सगळे हक्क दिले. १८८०मध्ये चेरोकी नेशनने स्वतःची शिरगणती केली. ही महत्त्वाची, कारण पुढे १८९८च्या कर्टिस कायद्याने तीच यादी प्रमाण मानली.

आता डॉज रोल. चेरोकी वंशावळीत सगळ्यात जास्त नाव घेतलं जातं ते याचंच. सामायिक जमीन मोडून प्रत्येकाच्या नावावर तुकडा करून द्यायचा, उरलेली जमीन मोकळी करायची आणि नेशनचं राज्य गुंडाळायचं, यासाठी १८९३मध्ये डॉज आयोग नेमला गेला. चेरोकी धरून पाच जमातींतून अडीच लाखांवर लोकांनी अर्ज केले. नोंदले गेले लाखाच्या थोडे वर. चेरोकींच्या वाट्याला माणशी सरासरी ११० एकरांच्या मोलाची जमीन आली.

नोंदणी तंबूत किंवा गावातल्या कचेरीत, शपथेवर, प्रश्नोत्तरांनी व्हायची. कारकून कार्डावर नाव, वय, लिंग, घरातलं नातं, आईवडिलांची नावं आणि ते हयात आहेत की नाहीत, १८८०च्या यादीतला क्रमांक आणि ‘रक्ताचं प्रमाण’ लिहायचा. हे प्रमाण, एक-चतुर्थांश, एक-षोडशांश, सांगोवांगी ठरायचं आणि कारकुनाच्या नजरेवरही. त्याची किंमत १९०८मध्ये कळली : त्या वर्षीच्या कायद्याने अर्ध्याहून कमी रक्ताच्या लोकांच्या जमिनीवरची संरक्षक बंधनं उठवली. म्हणजे ती जमीन विकता येऊ लागली, तिच्यावर कर बसू लागला आणि ती हातातून जाऊही लागली.

फ्रीडमेनची नोंद वेगळ्या यादीत झाली. कार्डावर त्यांच्या आधीच्या मालकाचं नाव आहे. रक्ताच्या प्रमाणाचा रकाना नाही, मग एखाद्याची आजी चेरोकी का असेना. या एका रकान्याचा वाद शंभर वर्षं चालला. २००७मध्ये चेरोकी नेशनने घटनादुरुस्तीने फ्रीडमेनच्या वंशजांना वगळलं, २०१७मध्ये संघराज्याच्या न्यायालयाने १८६६चा तह लागू असल्याचा निकाल दिला आणि २०२१मध्ये चेरोकी सर्वोच्च न्यायालयाने घटनेतले ‘रक्ताने’ हे शब्दच काढून टाकायला लावले.

काहींनी नोंदणीवरच बहिष्कार घातला. कीटूवा नाइटहॉक हा परंपरावादी गट, त्याचा नेता रेडबर्ड स्मिथ. जमीन तोडून घ्यायची नाही, नाव लिहून द्यायचं नाही, असा त्यांचा बाणा. स्मिथला १९०२मध्ये तुरुंगात टाकलं. आयोगाने शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून माहिती घेऊन त्यांची नावं चढवली. त्यामुळे सगळ्यात पक्क्या चेरोकींची कार्डं कधीकधी सगळ्यात अपुरी दिसतात.

आज अमेरिकी सरकारने मान्य केलेली तीन चेरोकी सरकारं आहेत आणि तिघांचे निकष वेगळे. ओक्लाहोमातल्या चेरोकी नेशनला डॉज रोलमधला थेट पूर्वज लागतो, रक्ताची किमान अट नाही. नागरिक साडेचार लाखांवर. युनायटेड कीटूवा बँड एक-चतुर्थांश रक्त मागतो. नॉर्थ कॅरोलायनातला ईस्टर्न बँड १९२४च्या बेकर रोलमधला पूर्वज आणि किमान एक-षोडशांश रक्त मागतो. डॉज नोंदणीच्या वेळी कुटुंब टेक्सासला किंवा आर्कान्सासला राहत असेल तर नाव यादीत नसणार, कारण चेरोकी नेशनच्या भूमीतच राहण्याची अट होती. अशा घरात पूर्वज चेरोकी असू शकतो, नागरिकत्व मात्र मिळत नाही. दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि त्या वेगळ्या ठेवलेल्या बऱ्या.

२०१०च्या जनगणनेत ८ लाख १९ हजार लोकांनी आपल्यात चेरोकी अंश असल्याचं सांगितलं. तिन्ही सरकारांचे नागरिक तेव्हा त्याच्या निम्म्याहूनही कमी होते. ‘पणजी चेरोकी राजकन्या होती’ ही दक्षिणेकडच्या असंख्य गोऱ्या आणि काळ्या घरांतली लाडकी कथा. चेरोकींना ना राजा होता, ना राजकन्या. माझ्या मते त्या पणजीचं काम सोपं होतं : घरातला सावळा रंग समजावून सांगायचा, आणि जी भूमी घेतली तिच्याशी रक्ताचं नातंही सांगायचं. डीएनए चाचणीने हे सुटत नाही. चाचणी अमेरिकी आदिवासी अंश दाखवू शकते, जमात नाही. आपल्या घराण्यात चेरोकी पूर्वज असल्याचं सांगत आलेल्या सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांनी २०१८मध्ये चाचणीचा निकाल जाहीर केला तेव्हा चेरोकी नेशनने जाहीर नापसंती व्यक्त केली आणि पुढच्या वर्षी वॉरन यांनी माफी मागितली.

म्हणून जाणकार उलटं जायला सांगतात. स्वतःपासून सुरुवात, मग आईवडील, आजी-आजोबा, जन्ममृत्यूचे दाखले, १९००ची जनगणना (तिच्यात इंडियन लोकांसाठी वेगळे तक्ते होते), त्यानंतर डॉज कार्ड. कार्डावरच्या क्रमांकावरून १८८०ची यादी, तिथून मिलरचा अर्ज, अर्जातल्या आजीच्या नावावरून ड्रेनेन रोलमधलं कुटुंब, आणि नशीब असेल तर १८३५. तिथे मात्र घरातल्या प्रमुखाचंच नाव आहे आणि प्रमुख बहुतेक पुरुष. सूत कातणाऱ्यांच्या रकान्यात ‘२’ असा आकडा दिसतो. त्या दोघींपैकी एकीकडून कूळ आलं होतं.