वायफायच्या त्या खिडकीत एवढे प्रश्न कुठून आले?

घरचं वायफाय एका पासवर्डवर चालतं. विद्यापीठाच्या आवारात लिनक्स ही संगणक प्रणाली असलेला लॅपटॉप उघडला की मात्र प्रश्नांची रांगच लागते: ऑथेंटिकेशन कोणतं, अ‍ॅनॉनिमस आयडेंटिटी काय, सीए सर्टिफिकेट कुठं आहे, इनर ऑथेंटिकेशन कोणतं. कोल्हापुरात राजारामपुरीत खोली घेऊन राहणारी कितीतरी मुलं इथंच कंटाळतात आणि मोबाइलचा हॉटस्पॉट लावतात. लिनक्सवर हे असंच असतं, असं म्हणून सोडून देतात. मला ते पटत नाही. यातला प्रत्येक रकाना कुठल्या ना कुठल्या जुन्या अडचणीतून आलेला आहे.

एक खरी अडचण लिनक्सची होती, ती ड्रायव्हरची, म्हणजे वायफायची चिप चालवणाऱ्या प्रोग्रामची. ब्रॉडकॉमसारख्या चिप कंपन्या माहिती देत नसत. तेव्हा एनडिसरॅपर नावाचा प्रोग्राम वापरून विंडोजचाच ड्रायव्हर लिनक्सवर चालवावा लागे. स्वयंसेवकांनी चिपचं वागणं बाहेरून तपासून ड्रायव्हर लिहिला, तो 2006 मध्ये कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, आला. 2010 मध्ये खुद्द ब्रॉडकॉमनं नव्या चिप्ससाठी खुला ड्रायव्हर दिला. आज बहुतेक लॅपटॉपवर हा प्रश्न उरलेला नाही.

खिडकीतले रकाने मात्र ओळख पटवण्याचे आहेत, आणि त्यांचं मूळ डायल-अपच्या काळात आहे. भारतात व्हीएसएनएलनं 15 ऑगस्ट 1995 ला इंटरनेट सर्वांसाठी खुलं केलं, तेव्हा आपण मोडेमवरून फोन लावून जोडले जायचो. फोन करणारा ग्राहक खरा की खोटा, हे तपासायला रेडियस नावाचा सर्व्हर असे. त्या नावातच ‘डायल-इन’ हा शब्द आहे. मोडेम गेले, रेडियस राहिला. 

वायफायचं पहिलं मानक 1997 चं. त्यातलं वेप हे कुलूप 2001 मध्ये फ्लुरर, मँटिन आणि शमीर यांनी कच्चं असल्याचं दाखवून दिलं. हजारो विद्यार्थ्यांना एकच पासवर्ड वाटणं तसंही निरर्थक होतं. एकानं सांगितला की सगळ्यांना कळला. म्हणून प्रत्येकाचं खातं वेगळं ठेवून ते रेडियसकडून तपासून घेण्याची पद्धत वायफायवर आली. लिनक्सच्या बाजूनं ही बोलणी करणारा डब्ल्यूपीए सप्लिकंट हा प्रोग्राम युनी मालिनेन यांनी लिहिला.

अ‍ॅनॉनिमस आयडेंटिटीचं काम लक्षात येतं ते एड्युरोम या विद्यापीठांच्या सामायिक वायफायमध्ये. 2002 मध्ये नेदरलँड्सच्या क्लास विरेंगा यांनी सुचवलं की एका विद्यापीठाचं खातं दुसऱ्या विद्यापीठातही चालावं. भारतात हे काम अर्नेट ही शिक्षण-संशोधन संस्थांचं नेटवर्क चालवणारी संस्था पाहते. यजमान विद्यापीठाला खात्याच्या नावातला फक्त @ च्या नंतरचा भाग दिसला तरी पुरतो, म्हणून बाहेर निनावी ओळख दिली तरी चालते. त्यावरून विनंती मूळ संस्थेकडे जाते. खरं नाव आणि पासवर्ड आतल्या बंद बोगद्यातून जातात.

तो बोगदा योग्य सर्व्हरपर्यंतच गेलाय, हे सांगतं सर्टिफिकेट, आणि ते देणारी संस्था म्हणजे सीए. ‘सर्टिफिकेट नको’ यावर खूण केली की जोडणी पटकन होते, आणि हाच सल्ला हॉस्टेलमध्ये सर्रास दिला जातो. तो घातक आहे. त्याच नावाचं खोटं वायफाय कुणीही उभं करू शकतो. बोगद्याच्या आत पासवर्ड तपासण्याची (इनर ऑथेंटिकेशनची) एमएसचॅप ही पद्धत मोडता येते, हे 2012 मध्ये जाहीरपणे दाखवून झालंय. म्हणजे पासवर्ड त्या माणसाच्या हाती पडलाच म्हणायचा.

2022 मध्ये लिनक्सचं उबंटू 22.04 हे रूप आलं आणि काल चालणारं वायफाय अनेकांचं बंद पडलं. माझंही पडलं, दोन रात्री लॉग वाचण्यात गेल्या. असा बंद बोगदा उभारणाऱ्या ओपनएसएसएल 3 या प्रोग्रामनं सर्व्हरशी होणाऱ्या जुन्या, असुरक्षित वाटाघाटी नाकारायला सुरुवात केली होती. ती खोट 2009 मध्येच उघड झाली होती, पण समोरचा सर्व्हर सुधारलेलाच नव्हता. लॅपटॉपवर सवलत देऊन जोडणी होते, मी तीच दिली, पण खरी दुरुस्ती सर्व्हरवरच व्हायला हवी.

म्हणून संगणक केंद्रात गेलात तर नुसता पासवर्ड घेऊन परत येऊ नका. सीए सर्टिफिकेटची फाइल, सर्व्हरचं पूर्ण नाव आणि ऑथेंटिकेशनची आतली-बाहेरची पद्धत लिहून घ्या. सर्व्हरचं नाव डोमेनच्या रकान्यात भरायचं. ते मोकळं सोडलं तर त्याच सीएकडून मिळवलेलं दुसऱ्याचं सर्टिफिकेटही चालून जातं.