जेट एअरवेज 400 कोटींसाठी बुडाली का?

17 एप्रिल 2019 रोजी जेट एअरवेजचे अमृतसर-मुंबई हे शेवटचे विमान उडाले, आणि तेव्हापासून ‘बँकांनी 400 कोटी रुपये नाकारले म्हणून कंपनी बुडाली’ असे सांगितले जाते. तातडीचा निधी नाकारला गेला हे खरे असले तरी ते बुडण्याचे कारण नव्हते. कंपनीवर तेव्हा आठ हजार कोटींहून अधिक कर्ज होते, डिसेंबर 2018 अखेरचा बँकांचा हप्ता थकला होता, आणि भाडे न मिळाल्यामुळे विमानांचे मालक एकेक विमान जमिनीवर ठेवत होते.

दुखणे जुने होते. 2007 मध्ये एअर सहारा ही विमान कंपनी 1,450 कोटींना विकत घेऊन जेटने तोट्यातला पसारा अंगावर घेतला, आणि स्वस्त तिकिटांच्या स्पर्धेत खर्च तितकासा कमी केला नाही. 2013 मध्ये अबू धाबीच्या इतिहाद विमान कंपनीने 24 टक्के हिस्सा घेतल्याने केवळ उसंत मिळाली. 2018 मध्ये इंधन महागले, रुपया घसरला आणि तीही संपली. पगार थकलेल्या हजारो कर्मचाऱ्यांच्या, त्यातल्या असंख्य मुंबईकरांच्या, हालांचे खापर एका नकारावर फोडणे मला अन्यायाचे वाटते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये कंपनी अवसायनात काढण्याचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागवून ती बंद करण्याचा, आदेश दिला.