हत्तींची शर्यत आणि डावी लेन

खोपोली मागे टाकून एक्स्प्रेसवेनं बोरघाट चढायला लागलं की हे दृश्य हमखास दिसतं. डाव्या लेनमध्ये सळया लादलेला दहाचाकी ट्रक कण्हत चाललेला असतो. त्याच्या मागे कंटेनर. कंटेनरच्या इंजिनात जरासा जास्त दम आहे, म्हणून क्लीनर खिडकीतून हात हलवतो आणि गाडी मधल्या लेनमध्ये येते. तिथे आधीच एक डंपर रखडलेला. मग कंटेनर तिसऱ्या लेनमध्ये. संपला रस्ता. मागे नुसते हॉर्न.

ही ओव्हरटेक किती वेळ चालते, याचा हिशेब अगदी सोपा आहे. पुढचा ट्रक ताशी 30 किलोमीटरनं चाललाय, मागचा 32 नं. दोघांची लांबी आणि पुढे-मागे सोडायचं अंतर धरलं, तर मागच्याला साधारण 40 मीटरची आघाडी घ्यायची आहे. ताशी 2 किलोमीटरचा फरक म्हणजे सेकंदाला जेमतेम अर्धा मीटर. सव्वा मिनिट लागतं, आणि तेवढ्यात ही जोडी साडेसहाशे मीटर रस्ता अडवून पुढे सरकते. जर्मन लोक याला ‘हत्तींची शर्यत’ म्हणतात. तिथल्या हाम शहराच्या उच्च न्यायालयानं 2008 साली यावर मापच घालून दिलं: ओव्हरटेक 45 सेकंदांत व्हावी आणि वेगात किमान 10 किलोमीटरचा फरक असावा. आपला कंटेनर दोन्ही विषयांत नापास.

जड वाहनांनी डावी लेन सोडू नये, हा नियम म्हणूनच. पण खरा धोका ट्रकच्या आकारापेक्षा वेगातल्या फरकात आहे. कार 80 नं येतेय आणि पुढे ट्रक 30 नं चढतोय. मधलं 100 मीटर अंतर सात सेकंदांत संपतं. त्यात डोळा दगा देतो. लांबचा ट्रक बराच वेळ जवळपास तेवढाच दिसत राहतो आणि जवळ आल्यावर एकदम अंगावर आल्यासारखा मोठा होतो. रात्री, दोनांपैकी एक टेललाइट चिखलानं माखलेला असेल, तर विचारूच नका.

ट्रक उजवीकडे आला की आणखी एक भानगड होते. कारवाले डावीकडून घुसतात. आपल्याकडे चालक उजव्या बाजूला बसतो, त्यामुळे त्याला सगळ्यात कमी दिसते ती डावी बाजू. केबिनच्या दाराखाली अख्खी कार लपू शकते.

मग ट्रकना एका बाजूला ठेवलं की अपघात घटतात का? अमेरिकेतली दोन उत्तरं एकमेकांशी जुळत नाहीत. ह्यूस्टनमध्ये 2000 साली आय-10 महामार्गाच्या सुमारे 13 किलोमीटरच्या पट्ट्यावर ट्रकना सगळ्यात वेगवान लेनची बंदी केली. पहिल्या 36 आठवड्यांत अपघात 68 टक्क्यांनी घटल्याचं टेक्सासच्या वाहतूक संशोधन संस्थेनं सांगितलं. आकडा डोळे दिपवणारा आहे, पण माझ्या मते जरा सबुरीनं घ्यावा: 36 आठवडे हा काळ थोडाच, आणि नियम पाळला जावा म्हणून पोलिसही रस्त्यावर होते. वॉशिंग्टनभोवतीच्या वर्तुळमार्गावर व्हर्जिनिया राज्यानं 1980 च्या दशकात अशीच बंदी घातली. तिथे अपघातांचं प्रमाण घटलं तर नाहीच, उलट थोडं वाढलेलं दिसलं. तरी बंदी राहिली, कारण कारवाल्यांना ती आवडली होती!

मेख चढात आहे. व्हर्जिनियातल्याच पुढच्या एका अभ्यासाचा सल्ला असा, की चढ 4 टक्के किंवा त्याहून जास्त, म्हणजे 100 मीटरला 4 मीटर, असेल तिथेच ट्रकना वेगवान लेन बंद करावी. सपाटीवर ट्रक आणि कार यांच्या वेगात फार अंतर नसतं. तिथे बंदी घातली की ट्रकची एकामागोमाग एक रांग लागते, त्यांच्यातलं अंतर कमी होतं, आणि बाजूच्या रस्त्यानं आत येणाऱ्या किंवा बाहेर पडणाऱ्या कारपुढे लोखंडी भिंत उभी राहते. दोनच लेन असतील तर विषयच संपला, सगळ्यात संथ ट्रकच्या वेगानं बाकीचे ट्रक.

शिवाय ती लेन झिजते. अमेरिकेत इलिनॉयमध्ये 1958 ते 1960 या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर ट्रक फिरवून पाहिले, त्यातून निघालेला ठोकताळा असा, की रस्त्याचं नुकसान अ‍ॅक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घातानं वाढतं. भार दहापट, तर नुकसान दहा हजारपट. सगळे अवजड अ‍ॅक्सल एकाच पट्ट्यावरून गेले की तिथे चाकांच्या घळी पडतात, पावसाळ्यात त्यात पाणी साचतं, आणि ट्रकवाले पुन्हा उजवीकडे सरकतात.

घाटाखाली चहाच्या टपरीवर एका चालकाला मी विचारलं होतं, डावीकडूनच का नाही चालवत? तो म्हणाला, ‘‘साहेब, डावीकडं बंद पडलेली गाडी उभी असते. मागं लाइट नाही, फांदी नाही, काही नाही. भरलेली गाडी काय अशी जागेवर थांबते व्हय?’’