पकड रबराची की खाचांची? फ्लॅट पेडलसाठी बूट निवडताना

फ्लॅट पेडलवर पायाला अडकवून ठेवणारी कुठलीही कळ नसते. साधारण १० सेंटिमीटर लांब-रुंद सपाट पाटी, तिच्यावर बसवलेल्या आठ-दहा बारीक धातूच्या पिना आणि वर तुमचा बूट. उतारावर सायकल दगडांवरून उसळत असते तेव्हा पाय आणि सायकल यांना जोडून ठेवतात त्या एवढ्या पिना आणि बुटाचं रबर. तरीही नागपुरात माउंटन बाइक घेणारा माणूस फ्रेम, गिअर, सस्पेन्शन आणि टायर यांवर महिनाभर चर्चा करतो आणि घरात असतील ते बूट पायात घालून सेमिनरी हिल्सकडे निघतो. बुटावर पैसे खर्च करायचं ठरवलंच, तर बर्डीतल्या दुकानात त्याच्यापुढे ट्रेकिंगचा बूट येतो. "सोल पाहा ना भाऊ, किती खोल आहे!" खोल खाचा म्हणजे घट्ट पकड, हे आपल्या मनात इतकं पक्कं बसलेलं आहे की पुढे कोणी काही विचारत नाही.

पेडलवर मात्र खोल खाचा पकड कमी करतात. का, ते समजून घ्यायला आधी रबराकडे पाहावं लागेल.

शाळेत आपण शिकलो की घर्षण वजनावर अवलंबून असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही. फ्रेंच संशोधक गियोम आमोंताँ यांनी १६९९ साली मांडलेला हा नियम लाकूड आणि लोखंडाला बऱ्यापैकी लागू पडतो. रबर तो पाळत नाही. रबराचं घर्षण क्षेत्रफळावर बदलतं, वेगावर बदलतं, तापमानावर बदलतं. कारण ते दोन वेगळ्या मार्गांनी तयार होतं. पहिला मार्ग चिकटण्याचा: मऊ रबर समोरच्या पृष्ठभागाला इतकं बिलगतं की दोन्हीकडच्या रेणूंमध्ये क्षीण आकर्षण निर्माण होतं. पृष्ठभाग स्वच्छ आणि कोरडा असेल तोवर हे चालतं. मध्ये पाण्याचा किंवा धुळीचा थर आला की संपतं. दुसरा मार्ग जास्त मजेदार आहे. रबर एखाद्या उंचवट्यावरून सरकतं तेव्हा उंचवट्याच्या पुढच्या बाजूला ते दबतं आणि मागच्या बाजूला परत फुगतं. ते लगेच फुगलं तर मागून तेवढाच धक्का देतं आणि हिशेब बरोबर होतो. ते सावकाश फुगलं तर पुढचा विरोध शिल्लक राहतो, मागचा धक्का मिळत नाही, आणि दबण्यात गेलेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. तो शिल्लक राहिलेला विरोध म्हणजेच पकड. शास्त्रज्ञ याला हिस्टेरेसिस म्हणतात.

१९६३ साली ग्रोश या संशोधकाने वेगवेगळ्या वेगांना आणि तापमानांना रबर घासून दाखवलं की त्याचं घर्षण त्याच्या या आतल्या सुस्तपणाशी थेट बांधलेलं असतं. टायर बनवणाऱ्यांपासून गिर्यारोहणाचे बूट बनवणाऱ्यांपर्यंत सगळे आजही याच पायावर उभे आहेत. याचा एक प्रयोग भौतिकशास्त्राच्या वर्गात करून दाखवतात: दिसायला सारखे दोन काळे चेंडू, एक नैसर्गिक रबराचा आणि एक ब्युटिल रबराचा. पहिला टणकन उसळतो, दुसरा जमिनीवर पडून तिथेच राहतो. पेडलवर आपल्याला हवं ते या दुसऱ्या चेंडूचं रबर.

फ्लॅट पेडलच्या बुटांत हे रबर आलं ते सायकलच्या कारखान्यातून नव्हे. अमेरिकेत चार्ल्स कोल यांनी १९८५ मध्ये फाइव्ह टेन ही कंपनी काढली, खडक चढणाऱ्यांसाठी. तिचं 'स्टेल्थ' नावाचं रबर गुळगुळीत खडकावरही टिकून राहायचं. त्यावर विसंबून माणसं बोटभर कडेवर उभी राहत. पुढे तेच रबर सायकलच्या बुटांना लागलं. ऑस्ट्रेलियाच्या सॅम हिलने असे बूट घालून २०१७, २०१८ आणि २०१९ अशी सलग तीन वर्षं एंड्युरो वर्ल्ड सिरीज ही माउंटन बाइकची स्पर्धामालिका जिंकली, तीही पाय अडकवणाऱ्या पेडलांवर धावणाऱ्या बहुतेक प्रतिस्पर्ध्यांसमोर.

आता पिनांचं गणित करू. सत्तर किलोचा माणूस दोन्ही पेडल समपातळीत ठेवून उभा आहे, म्हणजे एका पेडलवर ३५ किलो. दहा पिना, प्रत्येकीचं टोक ३ मिलिमीटर व्यासाचं धरलं, तर सगळ्या टोकांचं मिळून क्षेत्रफळ एक चौरस सेंटिमीटरसुद्धा भरत नाही, साधारण ०.७ येतं. म्हणजे टोकांखालचा दाब प्रति चौरस सेंटिमीटर जवळपास ५० किलो. कारच्या टायरमध्ये आपण दोन-सव्वादोन किलोची हवा भरतो, यावरून अंदाज यावा. एवढ्या दाबाखाली मऊ रबर पिनेभोवती खचतं, सोल पाटीला टेकेपर्यंत पिना आत जातात आणि मग पाय बाजूला सरकवायचा तर प्रत्येक पिनेला रबर फाडत किंवा दाबत पुढे जावं लागतं. कडक रबरात पिना वरच्या वर राहतात. रबर कडक की मऊ हे शोर-ए या मापात मोजतात, आकडा जितका कमी तितकं रबर मऊ. पण नुसता मऊपणा पुरत नाही, सुस्तपणाही हवा. दुकानात तो पाहायची सोपी रीत आहे. सोलमध्ये नख जोरात दाबून सोडा. खूण टचकन गेली तर ते रबर उसळणारं आहे. हळूहळू भरून आली तर बूट पायात घालून पाहण्यालायक आहे.

ट्रेकिंगचा बूट इथे दोनदा हरतो. त्याचा सोल शेकडो किलोमीटर चालून झिजू नये म्हणून मुद्दाम टणक केलेला असतो, आणि त्याच्या खोल खाचांमुळे पेडलला रबराचे मोजकेच ठोकळे टेकतात. काही पिना ठोकळ्यांवर, काही खाचांच्या पोकळीत, काही ठोकळ्याच्या कडेला. पाय कुठे बसेल ते तुम्ही नाही, खाचा ठरवतात. सोल जितका सलग आणि सपाट, तितक्या जास्त पिना कामाला लागतात. म्हणून चांगल्या फ्लॅट पेडलच्या बुटाचा सोल बघायला अगदी साधा असतो: उथळ ठिपके किंवा षटकोन, एकमेकांना खेटून. दुकानात शेजारी ठेवला तर सगळ्यात गरीब दिसेल असा.

धावण्याचे बूट दुसऱ्या कारणाने बाद होतात. त्यांच्या तळाशी फोमचा जाड थर असतो, तो प्रत्येक पावलाला ऊर्जा परत देण्यासाठी असतो, टाच उंच असते आणि सोल मधोमध सहज वाकतो. पेडलची पाटी बुटाच्या एक-तृतीयांश लांबीएवढीच असते. मऊ बूट तिच्याभोवती वाकला की सगळा भार चवड्याच्या हाडांखाली गोळा होतो, पाऊण तासात तळवे जळायला लागतात. त्यामुळे सोलच्या बाहेरच्या थराला मऊपणा हवा, पण आतल्या थराला थोडा ताठपणा. बूट हातात धरून वाकवून पाहा: चवड्यापाशी प्रयत्नाने वाकावा, मधल्या कमानीपाशी वाकू नये. फार ताठ बूटही नको, कारण मग पाय पाटीला जुळवून घेत नाही आणि खडबडीत उतारावर पेडल पायाखालून निसटल्यासारखं वाटतं. मधला मार्ग कुठे ते प्रत्येकाच्या वजनावर आणि वाटेवर ठरतं. वजनदार माणसाने ताठपणाकडे झुकावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

ज्यांना बजेट कमी आहे त्यांनी रबरी तळाचे सपाट कॅनव्हास बूट, म्हणजे स्केटबोर्डवाल्यांचा प्रकार, जरूर वापरून पाहावेत. ट्रेकिंगच्या महागड्या बुटापेक्षा ते पेडलवर बरे बसतात. फक्त बोटांना संरक्षण नसतं आणि तळ पातळ असतो, हे लक्षात ठेवून वेग बेताचा ठेवावा.

एक शंका नेहमी येते. नागपुरात लांब पल्ल्याच्या सायकलिंगला मान आहे; डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ मध्ये 'रेस अक्रॉस अमेरिका' एकट्याने पूर्ण केली तेव्हापासून तर जास्तच. रस्त्यावरचे गंभीर सायकलस्वार पाय अडकवणारे पेडल वापरतात, मग आपणही तेच का घेऊ नये? कारण म्हणून सांगितलं जातं की पाय वर खेचता येतो, ताकद वाढते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सायकलपटूंना मुद्दाम पाय वर खेचायला लावलं. पेडलवरच्या बलाची दिशा सुधारली, पण त्याच कामासाठी शरीराने जास्त ऊर्जा खर्च केली. रस्त्यावर पाय एकाच जागी स्थिर ठेवण्याचे फायदे आहेतच, ते मी नाकारत नाही. पण नवख्या माणसाला दगडांच्या उतारावर पाय क्षणात खाली टेकवता येणं हीच मोठी सुरक्षितता आहे.

आणि बुटाच्या मर्यादाही माहीत हव्यात. घर्षण कितीही असलं तरी त्याला वरून दाब लागतो. सायकल खड्ड्यात उतरते त्या क्षणी ती पायाखालून खाली जाते, पेडलवरचा भार जवळजवळ शून्य होतो आणि त्याबरोबर पकडही. जगातलं सगळ्यात चिकट रबरही तिथे काही करू शकत नाही. तिथे टाचा खाली झुकवण्याची सवय कामाला येते: पेडलची पाटी मागे कलते, समोरून आलेला धक्का पाय पुढे ढकलण्याऐवजी तळव्यात घुसतो.

आता आपल्या जमिनीकडे येऊ, कारण परदेशी बुटांच्या जाहिराती इथली माती गृहीत धरत नाहीत. पश्चिम नागपूर दख्खनच्या बेसॉल्टवर उभं आहे, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाच्या थरांवर. सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर आहे ती याच खडकाची. स्टीफन हिस्लॉप, ज्यांच्या नावाने शहरात कॉलेज आहे, त्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात नागपूरच्या आसपास या लाव्ह्याच्या थरांमध्ये दबलेल्या गाळातून जीवाश्म गोळा केले होते. हा बेसॉल्ट कुजला की आधी मुरूम होतो आणि आणखी कुजला की काळी माती. सायकलवाल्याला दोन्ही भेटतात आणि दोघांच्या मागण्या वेगळ्या आहेत.

मुरमाच्या उतारावर चालणं म्हणजे सांडलेल्या ज्वारीवर चालणं. सपाट सोल तिथे घसरतो. चढावर सायकल ढकलत न्यावी लागते तेव्हा हे फार जाणवतं. म्हणून असा बूट शोधावा की ज्याचा मधला भाग, जो पेडलवर बसतो, सपाट आणि सलग आहे, पण अंगठ्याच्या टोकाला आणि टाचेच्या मागे थोड्या मोकळ्या, उंच खाचा आहेत. चढताना टोक रुतवता येतं, उतरताना टाच. मी स्वतः याच प्रकाराला पहिली पसंती देते. टोकाला जाड आवरणही हवं, कारण बेसॉल्टचे सुटे गोटे बोटांवर येतात तेव्हा ते कापडाला जुमानत नाहीत.

काळ्या मातीत मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज असतं. त्याचे अतिसूक्ष्म पापुद्रे असतात आणि दोन पापुद्र्यांच्या मध्ये पाणी शिरून माती फुगते. याच गुणामुळे ती उन्हाळ्यात भेगाळते आणि जून उजाडला की बुटाला एकेक किलो चिकटते. अशा चिखलाने पिना झाकल्या की आधी सांगितलेला चिकटण्याचा मार्ग बंद होतो, मऊ रबराला पिनाच भेटत नाहीत. खेटून बसवलेले ठिपके इथे कमी पडतात, किंचित अंतर राखलेले ठिपके माती लवकर झटकतात. पण खरं सांगायचं तर ओल्या काळ्या मातीत सायकल घालूच नये. वाटेवर खोल चाकोरी पडते आणि ती ऊन लागल्यावर विटेसारखी घट्ट होते, मग हिवाळाभर सगळ्यांनाच त्रास. पावसाळ्यात मुरमाच्या, पाणी निचरा होणाऱ्या वाटा निवडाव्यात. ओल्या पिनांवर सुस्त रबराचं महत्त्व तिथे नीट कळतं: चिकटणं कमी झालेलं असतं, तरी दबून सावकाश फुगण्यातून येणारी पकड टिकून असते.

उन्हाळ्याचा हिशेब वेगळा. तापमान वाढलं की रबराची सुस्ती कमी होते, ते पटकन फुगू लागतं, आणि त्याच वेळी मऊ होऊन लवकर झिजतं. नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपुढे जातो. पहाटे साडेपाचला निघणाऱ्याला पकडीतला फरक फारसा जाणवणार नाही, पण परत आल्यावर बूट बंद कारच्या डिकीत टाकून देणाऱ्याचं नुकसान नक्की होतं. तापलेल्या डिकीत सोल चिकटवलेला गोंद सैल पडतो. काही बुटांच्या मधल्या थरात पॉलियुरेथेन असतं, त्याला ऊन आणि दमटपणा दोन्ही सोसत नाही. ओलाव्याने त्याच्या साखळ्या तुटतात आणि न वापरताही काही वर्षांत तळ भुसभुशीत होतो. त्यामुळे फार जुना माल सवलतीत मिळतो म्हणून घेऊ नये. ओले बूट उन्हात न ठेवता आत वर्तमानपत्राचे बोळे भरून पंख्याखाली ठेवावेत.

माप संध्याकाळी घ्या, पाय तेव्हा थोडे सुजलेले असतात. सायकलिंगला जे मोजे घालता तेच घालून घ्या. अंगठ्यापुढे अर्ध्या इंचाच्या आसपास जागा, टाच मात्र अजिबात उचलली जाऊ नये. नाडीची टोकं आत खोचायला पट्टी किंवा कप्पा असेल तर उत्तम. उजव्या बुटाची मोकळी नाडी साखळीत जाते. घोट्याच्या आतल्या बाजूला थोडी गादी असावी, क्रँक, म्हणजे पेडल ज्याला बसवलेलं असतं तो दांडा, तिथेच लागतो.

बूट कधी बदलायचा हे सोल उलटून पाहिलं की कळतं. चवड्याखाली पिनांच्या खळग्या पडणं साहजिक आहे, त्या काही काळ पाय जागेवर बसवायला मदतही करतात. पण खळग्या एकमेकींना मिळून लांब चर झाला की पाय त्या चरातूनच सरकतो आणि तुम्ही कितीही जोर लावला तरी तो थांबत नाही. बहुतेकांचा उतारावर एकच पाय पुढे असतो, म्हणून तो बूट आधी झिजतो. दर महिन्याला निदान तेवढा एक तरी उलटून पाहावा. पेडलच्या वाकलेल्या किंवा बोथट झालेल्या पिना त्याच वेळी बदलून घ्याव्यात, त्या सुट्या मिळतात आणि साध्या षटकोनी चावीने बसतात.