कीकॅडचा मेळावा : सत्तावीस वर्षांनंतरचं आमंत्रण

२६ आणि २७ एप्रिल २०१९ या दोन दिवशी शिकागोतल्या एमहब या केंद्रात कीकॅड वापरणाऱ्यांचा पहिला मेळावा भरला. त्याचं नाव कीकॉन. कीकॅड हे सर्किट बोर्ड, म्हणजे इलेक्ट्रॉनिक भाग जोडणारी पाटी, आखायचं मुक्त सॉफ्टवेअर; ते कोणीही फुकट वापरावं आणि बदलावं. स्कीमॅटिक म्हणजे जोडण्यांची आकृती काढायची, प्रत्येक भागाचा फूटप्रिंट म्हणजे त्याच्या जागेचा ठसा बोर्डावर मांडायचा, ट्रॅक म्हणजे तांब्याच्या वाटा ओढायच्या आणि बोर्ड बनवायच्या गर्बर फाइली कारखान्याला धाडायच्या, हे सगळं त्यात होतं. मेळावा भरला तेव्हा या सॉफ्टवेअरला सत्तावीस वर्षं झाली होती. एवढा उशीर का झाला आणि अखेर बोलावणं कोणी धाडलं, हे पाहिलं की कीकॉनची आखणी आज जशी होते तशी का होते, ते समजतं.

१९९२ साली फ्रान्समधल्या ग्रेनोबलच्या तंत्रशिक्षण संस्थेत शिकवणाऱ्या जाँ-पिएर शारास यांनी हे काम सुरू केलं. पुढची कित्येक वर्षं हे जवळजवळ एकट्या माणसाचं काम होतं. हळूहळू हातभार लावणारे जमले, पण ते देशोदेशी विखुरलेले. त्यांची गाठ पडायची ती मुख्यतः फेब्रुवारीत ब्रसेल्सच्या विद्यापीठात भरणाऱ्या फॉसडेम या मुक्त सॉफ्टवेअरच्या संमेलनात. तिथे प्रवेश फुकट असतो, खोल्या खच्चून भरतात आणि एकेका विषयाच्या वाट्याला मोजकाच वेळ येतो. प्रकल्पाचे प्रमुख वेन स्टॅम्बॉ तिथे वर्षभराच्या कामाचा आढावा देत आले आहेत. पण ती प्रोग्रॅमरांची जत्रा. रोज बोर्ड आखणाऱ्या माणसाने आपली अडचण मांडायला तिथे कधी जायचं?

२०१३ पासून सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेतल्या हार्डवेअर विभागाने यात मनुष्यबळ घातलं आणि चित्र पालटलं. त्यांच्या कामाचं सर्वांत लक्षात राहणारं फळ म्हणजे नवा राउटर, ट्रॅक ओढायचं साधन. एक ट्रॅक सरकवला की शेजारचे ट्रॅक आपणहून बाजूला होऊन वाट देतात. ज्याने गच्च भरलेल्या बोर्डावर एका नव्या ट्रॅकसाठी दहा जुने ट्रॅक खोडून पुन्हा ओढले आहेत, त्यालाच याचं मोल कळेल. २०१५ च्या अखेरीस आलेल्या आवृत्ती ४ पासून कीकॅडवर धंद्याचं काम सोपवावं असं अनेकांना वाटू लागलं.

त्याच सुमारास बाहेरही एक गोष्ट घडली. छोट्या उद्योगांचं आणि हौशी मंडळींचं बोर्ड आखायचं लाडकं सॉफ्टवेअर ईगल २०१६ साली ऑटोडेस्क या कंपनीने विकत घेतलं आणि २०१७ च्या सुरुवातीला ते वर्गणीवर नेलं. एकदा पैसे भरून कायमचं वापरायची सवय असलेले लोक पर्याय शोधू लागले. जुलै २०१८ मध्ये आलेल्या कीकॅड ५ मध्ये ईगलच्या फाइली थेट उघडायची सोय होती. माझ्या मते पहिल्या मेळाव्याची जमीन तयार झाली ती इथे. नवे लोक आपले जुने बोर्ड घेऊन आले आणि येताना असंख्य प्रश्नही घेऊन आले. भागांच्या चिन्हांची आणि फूटप्रिंटांची लायब्ररी कशी सांभाळायची, चार जणांनी एका बोर्डावर काम कसं करायचं, कारखान्याला नेमक्या कोणत्या फाइली द्यायच्या?

शिकागोचं आमंत्रण धाडण्यात पुढाकार होता ख्रिस गॅमेल यांचा. ते तेव्हा इलेक्ट्रॉनिक्स शिकवत, कीकॅडवर धडे देत आणि या क्षेत्रावरचा एक पॉडकास्ट चालवत. म्हणजे मेळावा भरवायला पुढे आला तो एक वापरणारा, एक शिक्षक. मला ही गोष्ट फार मोलाची वाटते. सॉफ्टवेअर विकणारी कंपनी मेळावा भरवते तेव्हा व्यासपीठावर तिची माणसं असतात आणि समोर गिऱ्हाईक. इथे सकाळी आपल्या बोर्डाची गोष्ट सांगणारा दुपारी श्रोत्यांत बसतो, आणि त्याच्या शेजारी कदाचित तो रोज वापरतो ते बटण लिहिणारा माणूस असतो. म्हणून कीकॉनच्या कार्यक्रमात भाषणांइतकीच मधल्या वेळेची काळजी घ्यावी लागते. अडलेली फाइल लॅपटॉपवर उघडून दाखवायची असते, आणि त्याला निवांत जागा हवी.

कीकॅड कुणा कंपनीच्या मालकीचं कधीच नव्हतं. देणग्या बराच काळ सर्नशी संलग्न प्रतिष्ठानामार्फत यायच्या. नोव्हेंबर २०१९ मध्ये प्रकल्प लिनक्स फाउंडेशन या मुक्त सॉफ्टवेअरला आधार देणाऱ्या संस्थेच्या छत्राखाली आला. मग कोविड आला. पुढचा मोठा मेळावा सप्टेंबर २०२३ मध्ये स्पेनच्या वायव्य किनाऱ्यावरच्या आ कोरुन्या शहरात झाला, नोव्हेंबरमध्ये आशियाचा मेळावा चीनमधल्या शेंझेनला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये युरोपातला जर्मनीतल्या बोखुमला. आपल्या साहित्य संमेलनासारखं याचं यजमानपदही गाव बदलत जातं. शेंझेनची निवड तर अगदी साहजिक. बोर्ड जिथे छापले जातात आणि त्यांवर भाग बसवले जातात, त्या कारखान्यांच्या दारातच आखणाऱ्यांनी जमायचं.

वापरणाऱ्यांचं वर्तुळ किती पसरलंय, याचा एक दाखला मुंबईतच आहे. आयआयटी मुंबईच्या फॉसी या मुक्त सॉफ्टवेअर शिक्षणात आणणाऱ्या प्रकल्पाने तयार केलेलं ईसिम हे सर्किट आखणीचं सॉफ्टवेअर कीकॅड आणि सर्किट कसं चालेल ते संगणकावर तपासणारं एनजीस्पाइस यांच्या पायावर उभं आहे. त्यावर काम करणारा अभियांत्रिकीचा विद्यार्थी स्कीमॅटिक काढतो ते कीकॅडमध्येच. महागड्या परवान्याची वाट न पाहता त्याला हे शिकता येतं. मेळावा आखताना असा विद्यार्थी आणि रोज आठ थरांचे बोर्ड करणारा अभियंता, दोघांचा विचार करावा लागतो. एकासाठी लिहिलेलं भाषण दुसऱ्याला कंटाळवाणं होतं, म्हणून कार्यशाळा वेगळ्या ठेवाव्या लागतात.

तारखांचंही एक गणित आहे. आवृत्ती ५ नंतर ६ यायला साडेतीन वर्षांच्या आसपास लागली. ती डिसेंबर २०२१ मध्ये आली. त्यानंतर मात्र दरवर्षी नवी आवृत्ती काढायचं ठरलं, आणि ७, ८, ९ या ओळीने २०२३, २०२४ आणि २०२५ च्या फेब्रुवारीत आल्या. सप्टेंबरातल्या मेळाव्याला पुढची आवृत्ती अर्धीअधिक तयार असते. ती लिहिणारा लॅपटॉपवर दाखवतो, समोरचा आपला बोर्ड त्यात उघडून पाहतो आणि काय बिघडलं ते तिथल्या तिथे सांगतो. दुरुस्तीला अजून पाच महिने हातात असतात.