हर्नियाला १००, तर बाकीच्यांना किती?

नीट-पीजीचा निकाल लागला की रेडिऑलॉजी आणि त्वचारोगाच्या जागांसाठी झुंबड उडते, आणि घरोघरी एकच कारण ऐकू येतं: जास्त शिकलं की जास्त कमाई. ते खरं नाही. अमेरिकेत त्वचारोगतज्ज्ञ व्हायला एमडीनंतर (तिथे ही आपल्या एमबीबीएससारखी पहिलीच पदवी) चार वर्षं पुरतात, तर लहान मुलांच्या हार्मोन्सचा तज्ज्ञ व्हायला सहा लागतात. तरी पहिल्याची कमाई कितीतरी जास्त असते. दुसरा तर बरेचदा साध्या बालरोगतज्ज्ञाच्याही मागे असतो.

अमेरिकेचं उदाहरण घेते, कारण तिथे डॉक्टरच्या कामाला चक्क मोजपट्टी लावलेली आहे. १९८०च्या दशकात हार्वर्डचे अर्थतज्ज्ञ विल्यम शाओ यांनी ती बनवली. त्यांची युक्ती मला फार आवडते. कान-डोळ्यांच्या संवेदना मोजताना मानसशास्त्रज्ञ विचारतात, ‘हा आवाज १० धरला, तर तो दुसरा किती?’ शाओंच्या गटाने सर्जनना तसंच विचारलं: साध्या हर्नियाचं ऑपरेशन १०० धरा, मग बाकीची ऑपरेशनं किती? वेळ, विचार, हाताचं कौशल्य आणि रुग्णाला काही होईल ही धास्ती, हे सगळं धरून एकच आकडा सांगायचा. अनोळखी डॉक्टरांचे आकडे बरेचसे जुळले! पण प्रत्येक शाखेची पट्टी वेगळी. म्हणून दोन शाखांमधली सारख्या मेहनतीची कामं शोधून, त्या सांध्यांवर सगळ्या पट्ट्या गणिताने एकमेकींना जोडल्या. तपासून, बोलून, विचार करून होणाऱ्या कामाला ऑपरेशनच्या मानाने फार कमी पैसे मिळतात, हे त्यातून उघड झालं.

१ जानेवारी १९९२ पासून ज्येष्ठांची सरकारी विमा योजना, मेडिकेअर, याच पट्टीने पैसे देते. कामाचे गुण (म्हणजे पट्टीवरचा आकडा), दवाखान्याचा खर्च आणि चुकीच्या उपचारांबद्दलच्या दाव्यांचा विमा यांची प्रदेशानुसार बेरीज होते आणि ती डॉलरमधल्या गुणकाने गुणली जाते. बहुतेक खासगी विमा कंपन्याही दर ठरवताना हीच पट्टी वापरतात. त्यामुळे ‘सगळं मागणी-पुरवठाच ठरवतो’ असं ठासून सांगणारे व्हिडिओ अर्धवट आहेत.

मग दरी बुजली का नाही? यंत्रं सुधारली, हात बसला की ऑपरेशन लवकर उरकतं, पण गुण बराच काळ जुनेच राहिले. घाबरलेल्या आजोबांना इन्सुलिन समजावायला मात्र आजही तेवढाच वेळ लागतो. गुण बदलण्याची शिफारस करणाऱ्या डॉक्टरांच्या समितीत शस्त्रक्रिया आणि इतर विशेष शाखांचं पारडं जड आहे. तरी सुधारणा होते: मोतीबिंदूच्या नेहमीच्या ऑपरेशनचे कामाचे गुण २०२० मध्ये ८.५२ वरून ७.३५ झाले. त्यात नंतरच्या ९० दिवसांच्या तपासण्याही धरलेल्या आहेत.

पुढच्याच वर्षी जुन्या रुग्णाच्या एका नेहमीच्या तपासणीचे गुण ०.९७ वरून १.३० वर नेले. पण कायद्याने एकूण रक्कम बांधलेली. त्यामुळे गुणक ३६.०९ डॉलरवरून ३४.८९ वर उतरला आणि ज्यांच्या कामाचे गुण तसेच होते, त्या सर्जनचंही बिल कमी झालं.