खाते शाखेचे की बँकेचे? भारतीय बँकांच्या संगणकीकरणाची पार्श्वभूमी

संगणकामुळे बँकेचे काम झटपट होऊ लागले, असे सरसकट म्हटले जाते आणि ते खोटे नाही. परंतु भारतीय बँकांच्या कारभारात झालेला मोठा बदल वेगाचा नव्हे, तर हिशेब कोठे राहतो याचा आहे. १९९० च्या दशकापर्यंत सार्वजनिक क्षेत्रातील बहुतेक बँकांमध्ये ग्राहकाचे खाते म्हणजे त्याच्या शाखेतील जाडजूड लेजरचे, म्हणजे खातेवहीचे, एक पान असे. ते पान उघडल्याशिवाय शिल्लक कळत नसे आणि त्याच बँकेच्या शेजारच्या शाखेलासुद्धा त्या शिलकेचा पत्ता नसे.

राष्ट्रीयीकरणाच्या वर्षी, म्हणजे १९६९ मध्ये, देशात व्यापारी बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत हा आकडा साठ हजारांच्या आसपास पोचला. शाखा वाढल्या, पण हिशेबाची पद्धत तीच राहिली. चेक दिला की टोकन हातात पडे, लेजर कीपर नोंद करी, अधिकारी सही ताडून चेक पास करी आणि मग कॅशियर टोकनाचा क्रमांक पुकारी. संध्याकाळी सगळी व्हाउचरे डे बुकाशी, म्हणजे रोजच्या नोंदवहीशी, जुळवायची, ठरलेल्या दिवशी लेजरांचे बॅलन्सिंग, म्हणजे खात्यांच्या बेरजांचा ताळमेळ, करायचे आणि जून-डिसेंबरात हजारो खात्यांचे व्याज हाताने काढायचे, हा शिरस्ता होता. त्याहून बिकट प्रश्न आंतरशाखा हिशेबाचा. कोल्हापूरच्या शाखेने काढलेला ड्राफ्ट नागपूरच्या शाखेने वटवला की दोन्हीकडच्या नोंदी टपालाने जाऊन एकमेकींशी जुळाव्या लागत. न जुळलेल्या नोंदी वर्षानुवर्षे साचत, आणि त्यांच्या आडोशाला चूक लपली आहे की अफरातफर, हे वेळेवर उमगत नसे.

यंत्रे नव्हती असे नाही. ती आणायची कशी, हा वादाचा विषय होता. १९६० च्या दशकात कलकत्त्यात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला कडवा विरोध केला होता. नोकऱ्या जाण्याची भीती इतकी खरी होती की केंद्र सरकारने यांत्रिकीकरणाच्या प्रश्नावर पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बँकांमधील कोंडी फुटली ती १९८३ मध्ये, व्यवस्थापन आणि कर्मचारी संघटना यांच्यातील कराराने. पुढे १९८७ आणि १९९३ च्या करारांनी वाट आणखी मोकळी केली. आज या विरोधाची चेष्टा करणे सोपे आहे, मात्र यंत्रे कोणत्या कामाला आणि किती, हे वाटाघाटींतून ठरल्यामुळेच हा बदल मोठ्या नोकरकपातीविना सुरू होऊ शकला, असे मला वाटते.

रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये बँकांच्या संगणकीकरणाचा पहिला आराखडा दिला आणि १९८९ मध्ये दुसरा. पहिल्या टप्प्यात शाखांमध्ये लेजर पोस्टिंगची, म्हणजे खात्यांत नोंदी करणारी, यंत्रे आली. ती जुन्या लेजरचीच नक्कल होती: बेरीज अचूक, छपाई स्वच्छ, पण माहिती शाखेच्या भिंतींच्या आतच. त्या मानाने मुंबईसह चार महानगरांतील चेक क्लिअरिंगचे यंत्रीकरण अधिक परिणामकारक ठरले. चेकच्या तळाशी चुंबकीय शाईत छापलेल्या नऊ अंकांपैकी पहिले तीन शहराचे, पुढचे तीन बँकेचे आणि शेवटचे तीन शाखेचे. मुंबईचे ४०० हे पिन कोडावरूनच घेतलेले. हे अंक वाचून यंत्र चेकांची वर्गवारी करू लागले, तेव्हा रोजचे ढीग हाताने वेगळे करण्याचे काम संपले.

१९९४ नंतर आलेल्या नव्या खाजगी बँकांना जुनी लेजरे वाहून न्यायची नव्हती; त्यांनी सुरुवातच केंद्रीभूत प्रणालीने केली. सार्वजनिक बँकांना स्पर्धेची झळ लागली, शिवाय केंद्रीय दक्षता आयोगाने २००१ च्या आरंभापर्यंत ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणण्याचा आदेश दिला. त्यानंतर कोअर बँकिंग, म्हणजे सर्व शाखांची खाती एकाच मध्यवर्ती सर्व्हरवर ठेवण्याची पद्धत पसरली. स्टेट बँकेच्या दहा हजारांच्या घरातील शाखा २००८ पर्यंत तिच्याखाली आल्या. रिझर्व्ह बँकेने एका बँकेतून दुसऱ्या बँकेत संगणकाद्वारे पैसे पाठवण्यासाठी २००४ मध्ये आरटीजीएस आणि २००५ मध्ये एनईएफटी सुरू केली, तेव्हा ड्राफ्टची गरजच ओसरू लागली.

ग्राहकाच्या पदरात काय पडले, हे व्याजाच्या नियमावरून नेमके दिसते. पूर्वी बचत खात्यावर महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतच्या किमान शिलकेवर व्याज मिळे. दहाला खात्यात दोन हजार असतील आणि अकराला पन्नास हजार जमा झाले, तरी त्या महिन्याचे व्याज दोन हजारांवरच. हाताने रोजची शिलक धरून व्याज काढणे अशक्यप्राय असल्याने हा नियम चालला. शाखांचे संगणकीकरण झाल्यावर तो टिकवण्याचे कारण उरले नाही आणि १ एप्रिल २०१० पासून रोजच्या शिलकेवर व्याज देणे बंधनकारक झाले.

या इतिहासातले अलीकडचे प्रकरण मात्र उलट बाजूचे आहे. २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतील ब्रॅडी हाउस शाखेतला घोटाळा उघड झाला, तेव्हा परदेशी बँकांना हमीचे संदेश स्विफ्टवरून, म्हणजे बँकांमधील आंतरराष्ट्रीय संदेशयंत्रणेवरून, जात होते आणि कोअर बँकिंगमध्ये त्यांची नोंदच होत नव्हती, असे निष्पन्न झाले. दोन्ही यंत्रणा संगणकीय होत्या, पण त्यांच्यामधला दुवा माणसाच्या हातात होता. रिझर्व्ह बँकेने त्यानंतर त्या थेट जोडण्यासाठी बँकांना ३० एप्रिल २०१८ ची मुदत दिली.